शिवणाच्या बाईंकडे आलेला गतीचा धडा

खंडाळा, १२ जून १९६१

शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी गळ्यात धोंड पडली. विज्ञानाचे मास्तर सुट्टीत पिंपरीच्या कारखान्यात चिकटले, ते आता येत नाहीत. हेडमास्तर अंबाजीराव मला व्हरांड्यात गाठून म्हणतात, "नंदाबाई, आठवीचं विज्ञान यंदा तुम्ही घ्या."

"अहो, मी शिवणाची बाई. काज-बटणं, झबली, फार तर मराठी कविता."

"तुम्ही इंटर झालात. शाळेत तुमच्याइतकं शिकलेलं दुसरं आहे कोण?"

इंटर आर्ट्स हो! मॅट्रिकला विज्ञान होतं, ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ केलं आणि पेपर देऊन आल्यावर विसरले. पण अंबाजीरावांचं तोंड एवढंसं झालं होतं. आठवीचा वर्ग यंदाच जोडलाय, परवानगी एका वर्षाची. फेब्रुवारीत शिक्षणखात्याचे साहेब येऊन बघणार. विज्ञान नीट चाललेलं दिसलं तर वर्ग कायम, नाही तर बंद. रेल्वे क्वार्टरमधली पोरं काय, लोणावळ्याच्या शाळेत जातील. ठाकरवाडीवरची पोरं डोंगर उतरून खंडाळ्यापर्यंत येतात हेच नशीब, वर्ग गेला की त्यांचं शिक्षण तिथंच संपलं.

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. माझं हे नेहमीचंच आहे.

१५ जून

धड्याचं नाव 'बल आणि गती'. पहिल्याच पानावर लिहिलंय की बाहेरून बल लावलं नाही तर थांबलेली वस्तू थांबूनच राहते. बरं, हे कळलं, आमच्या शाळेचा शिपाई तसाच आहे. पण पुढे म्हणे, चालणारी वस्तू त्याच वेगाने सरळ चालतच राहते. कायमची!

काहीतरीच काय! बैल थांबला की गाडी थांबते. चेंडू टाकला की चार ढांगांवर थांबतो. मी स्वतः बाजारातून येताना पुलापाशी थांबते. हे छापणाऱ्याने चुकीचं छापलंय किंवा लिहिणाऱ्याला ताप होता. मुलांना मात्र हेच शिकवायचं आहे.

१९ जून

आज नियम फळ्यावर लिहून दिला. निम्मा उतरवून होतोय तोवर हिरा उभी राहिली. वाडीवरची पोर, काळीसावळी, काटक, बोलायला लागली की समोर कोण आहे बघत नाही.

"बाई, ह्ये खोटं हाय. माजा बा आन चुलता रानातनं ओंडकं वडत्यात. वडायचं सोडलं की ओंडका जागच्या जागी. त्याला थांबवाया कोन येत न्हाई."

तेवढ्यात पलीकडून गोरख उठला. ह्याचे वडील विठ्ठलराव घाटात काटेवाले आहेत, आगगाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते काटा फिरवून ठरवणारे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या घराने बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून हा पोरगा कुणापुढे मान खाली घालत नाही, आणि घालू पण नये. तो म्हणतो, "खरं हाय बाई पुस्तकातलं. घाटात गाडी सुटली तर आपनहून थांबत न्हाई. माझं बाबा सांगत्यात."

मग काय, वर्गाचे दोन तट. वाडीवरची पोरं म्हणतात, काही ओढल्याशिवाय चालत नाही. रेल्वेची पोरं म्हणतात, काही रोखल्याशिवाय थांबत नाही. हमरीतुमरीवर आली. मी डस्टर आपटून दोन्ही बाजूंना गप्प केलं. मला उत्तर येत नव्हतं म्हणून, दुसरं काय!

२ जुलै, रविवार

भांडी तशीच टाकून लिहायला बसलेय.

शेजारच्या पुतळाबाईंचा ब्लाऊज शिवत होते. त्यांचे यजमान बंगल्याचे माळी, आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. बाही संपली म्हणून मशीनच्या पायट्यावरून पाय उचलला, आणि खालचं मोठं चाक फिरतच राहिलं. मी ढकलत नव्हते. तरी चार-सहा फेरे घेऊनच ते थांबलं.

आता हे चाक मी लग्नाआधीपासून बघते आहे. लग्न झालं, कपाळ पुसलं, माहेरी आले, मशीन बरोबर होतं. एवढ्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही, की हे फिरतंय कुणाच्या जोरावर?

उठले, चामड्याचा पट्टा काढून ठेवला. नुसतं चाक जोरात फिरवलं. कितीतरी जास्त वेळ फिरलं. मग आसाला तेल घातलं. अगं बाई! थांबायचं नावच घेईना. मी खाली जमिनीवर बसून बघत राहिले. म्हणजे ते दमून थांबत नव्हतं. त्याला कुणीतरी धरत होतं. पट्टा धरत होता, आसाचा गंज धरत होता. मी धरणारे हात एकेक काढून घेत गेले तसं ते मोकळं होत गेलं.

सगळेच हात काढता आले असते तर?

भात करपला. पुतळाबाई वासाने धावत आल्या. त्यांना चाक दाखवलं तर म्हणाल्या, "बाई, तुमी जेवत नीट न्हाई, त्याचं ह्ये." गोणपाटासारखी आहे बाईची अक्कल, जाऊ दे.

१९ ऑगस्ट

शाळेचा कॅरम वर्गात आणवला. हेडमास्तर दारातून वाकून बघून गेले, त्यांना वाटलं मी हात टेकले.

आधी फरशीवर गोणपाट अंथरलं आणि गोरखला सांगितलं, स्ट्रायकर मार. गेला वीतभर. मग माझं जुनं लुगडं अंथरलं, तो हातभर गेला. मग उघडी फरशी, मग पावडर टाकलेला कॅरम. सट्‌कन जाऊन पलीकडच्या लाकडावर आपटून परत आला. टिचकी तेवढीच, जोर तेवढाच. मी म्हटलं, "हिरा, तुझा ओंडका आपोआप थांबत नाही. रानातली जमीन त्याला मागे ओढते. ह्याला घर्षण म्हणायचं. आणि गोरखच्या गाडीखाली लोखंडावर लोखंड, तिथं ओढणारं कमी. दोघंही खरं बोलत होता."

मग शिदू, वाडीवरचाच, मान खाजवत म्हणाला, "आन बाई, अजाबात खरखर नसंल तर? कॅरमला काठ नसंल तर?"

माझ्या आधी हिराच बोलली, अगदी हळू. "मग त्यो परत न्हाई यायचा. जातच ऱ्हाईल."

मी स्ट्रायकर उचलून हातात घेतला. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या साध्या लाकडी चकतीच्या आत एवढं मोठं काहीतरी दडून बसलंय, आणि आपण त्यावर राणी घ्यायची की नाही एवढंच भांडत होतो!

शेवटी हिराने घाण केली. म्हणते, "बाई, माजी बहीन सारजा चौथीत शाळंतनं थांबली. मग तिला कोन आडवं आलं हुतं?" धडा काय, ही विचारते काय! मी म्हटलं, "घरचं घरी. बस खाली." बसली. एरवी असल्या प्रश्नाला पोरं फिदीफिदी हसतात, आज कुणी हसलं नाही.

२५ नोव्हेंबर

वर्ग घाटात नेला. विठ्ठलरावांनी परवानगी काढली होती. आम्ही रुळांपासून लांब, दरडीच्या कडेला बसलो.

तिथं मुख्य रुळाला एक फाटा फुटतो, तो डोंगराच्या अंगाने वर चढत जातो आणि तिथंच संपतो. कुठल्याच गावाला जात नाही. विठ्ठलराव म्हणाले, काटा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी इथं पूर्ण थांबली पाहिजे. थांबली, ड्रायव्हरने शिट्टी दिली, की मगच काटा मुंबईकडे फिरवायचा. गाडी हाताबाहेर गेली असेल तर ती त्या चढावर चढेल आणि तिथं तिचा जोर जिरेल.

"बाई, घाटात गाडी चालवायचा पगार न्हाई," ते म्हणाले, "थांबवायचा पगार हाय."

मग मालगाडी आली. इंजिन ओढत नव्हतंच मुळी, उलट सगळी गाडी त्याला मागून रेटत होती. ब्रेक चाकांना चावत होते, धूर निघत होता, जळक्या लोखंडाचा वास इथवर आला. जमीन हलत होती, माझ्या मांड्यांना कळत होती. थांबता थांबता, थांबता थांबता, एकदाची फाट्याच्या अलीकडे थांबली. मी हात जोडले. लाज वाटली नाही. देवळात जोडते त्यापेक्षा मनापासून जोडले असतील.

वाडीवरची पोरं तर वेडी झाली. हिरा सारखी म्हणत होती, "येवढं जड, बाई! येवढं जड!" रस्ताभर तेच.

४ फेब्रुवारी १९६२, रविवार

अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत आले, जग बुडणार. बंगलेवाल्यांनी भटजी बोलावून होम पेटवलेत, पुतळाबाईंनी शिधा संपवून टाकला, म्हणे उद्या कुणाला खायचाय! मी हसले त्यांना. पण खोटं कशाला लिहू, दिवा लावताना मीही देवाला म्हटलं, बारा तारखेला साहेब येताहेत, तेवढं झाल्यावर काय ते बघ.

काल वर्गात गोरखने विचारलं, "बाई, गिऱ्हांना ढकलतं कोन?" मी म्हटलं, "कुणी नाही. तिथं रोखणारंच काही नाही, ना हवा, ना जमीन. म्हणून चालताहेत." पोरांनी वर पाहिलं. वर कौलं होती, पण मीही पाहिलं.

आजचा दिवस संपत आला. जग आहे तिथंच आहे. म्हणजे आहे तसं चाललंय.

१२ फेब्रुवारी

सगळं बुडालं. ग्रहांनी नाही, माझ्या पोरांनी बुडवलं.

साहेब अकराला आले. अंगात खाकी कोट, डोक्यावर खाकी टोपी, काखेत फाइल. बसले आणि म्हणाले, "रेल्वेची मुलं कुठेही शिकतील. हा वर्ग ज्यांच्यासाठी मागताय त्यांनाच विचारतो." गोरख हात वर करून करून बाकावरून पडायचा बाकी होता, त्याला खाली बसवलं.

"तू उठ. जडत्व म्हणजे काय?"

हिरा उठली. जमिनीकडे बघत म्हणाली, "न्हाई ठाव."

"बरं, घर्षण?"

"न्हाई ठाव."

मग शिदूला. मग एकेक करून वाडीवरच्या सगळ्यांना. सगळ्यांचं एकच, न्हाई ठाव, सायब. जशी काही दातखीळ! आठ महिने ज्यांनी प्रश्न विचारून माझं डोकं पोखरलं तीच ही पोरं. अंबाजीराव धोतराच्या सोग्याने घाम पुसत होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी फाइल बंद केली. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, तुम्ही कष्ट घेतले असतील. पण मुलांपर्यंत पोचलेलं नाही."

ते बाहेर गेल्यावर मी पोरांना म्हटलं, "दगड आहात, दगड." हिराचे डोळे भरले.

मग साहेबांची मोटार सुरू होईना. शाळेसमोर थोडा चढ, चढ संपला की घाटाचा उतार. ड्रायव्हर म्हणाला, ढकलून उताराला लावावी लागेल. पोरं धावलीच. मोटार ढिम्म. शेवटी साहेबांनी टोपी अन् कोट काढून ड्रायव्हरच्या शेजारी ठेवला आणि सदऱ्यावर येऊन हिराच्या बाजूला खांदा लावला. माणूस तसा सरळ असावा.

"हालंस्तवरच जीव काडती ती," हिरा ओरडली. "हालली की थांबू देऊ नगा रं! पुन्यांदा तेवढाच जोर लागंल!"

हलली. चढ संपत आला तसा गोरख किंचाळला, "आरं उताराला लागंल ती! मग धरनार कोन? दगूड घ्या फुडं!"

शिदूने धावत जाऊन उताराच्या तोंडाशी दगड लावले, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, मोटार दगडाला टेकून उभी राहिली. सगळी धापा टाकत होती. साहेब कठड्यावर बसले. हिरा गोरखला म्हणत होती, "बघ, जड हाय म्हून हालंना, आन जड हाय म्हूनच थांबंना. दोन न्हाईत त्या. येकच खोड हाय तिची."

साहेबांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

तिने परत सांगितलं. घडाघडा!

"आणि पुढचा रस्ता सपाट असता, कुठेही घासत नसतं, तर?"

"मग ती मुंबईत न्हाई थांबायची," शिदू म्हणाला. "समिंदरात जाईल."

"समिंदरात पानी आडवंल की," दुसरा म्हणाला.

"आन पानीबी नसंल तर?" हिरा म्हणाली. "वाराबी नसंल तर? मग जाईल, जाईल, जातच ऱ्हाईल. गिऱ्हं जात्यात तशी. त्यास्नी कोन ढकलीत न्हाई."

साहेब तिच्याकडे बघत राहिले, मग खाली दरीकडे. मग दगड काढवले, मोटारीत बसले, कोट मांडीवरच घेतला आणि गेले.

मला काही उमगेना. वर्गात मुकी आणि रस्त्यावर तोंडाला तोंड! पोरं की कोण ही?

१३ फेब्रुवारी

हिराची आजी, भागूबाई, शिकेकाई विकायला खाली उतरते, ती शाळेत आली. म्हणाली, "बाई, पोर राती जेवली न्हाई. तुमी दगूड म्हनलात."

म्हटलं, "मावशी, माहीत असून ती साहेबांपुढे बोलली नाही. वर्ग बंद पडेल आता."

"खाकी हुती न्हवं त्येच्या अंगात?" म्हातारी म्हणाली. "रानात खाकीवाला गाठतो पोरास्नी. लाकूड कुनी तोडलं, बा कुटं गेलाय. पोर बोलली की बा आत. दूध तुटायच्या आदी आमी त्यास्नी ह्येच शिकवतो, खाकी म्होरं आली की 'न्हाई ठाव'. तुमी सांगाया नगं हुतं का आदी, की ह्यो निराळा हाय म्हून?"

मला ड्रायव्हरशेजारी काढून ठेवलेला तो कोट आठवला. वाडीवरच्या सगळ्या पोरांनी मिळून आपल्या बापांना वाचवलं होतं, आणि मी त्यांना दगड म्हटलं. मधल्या सुट्टीत हिराला जवळ घेतलं आणि चुकलं म्हणाले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. दगूडच हुता म्हून मोटार थांबली." मग मला हसू आणि रडू एकदमच आलं.

२८ फेब्रुवारी

अंबाजीराव पेढे घेऊन वर्गात आले. आठवी कायम! शिवाय पुढच्या वर्षी नववी जोडायची. पोरांनी बाक वाजवून छप्पर उडवायचं बाकी ठेवलं. हिरा आणि गोरख, एरवीचे वैरी, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते.

"आणि आणखी एक," अंबाजीराव म्हणाले, "साहेबांनी मुद्दाम शिफारस केली. जूनपासून आपल्याला विज्ञानाला बी.एस्सी. झालेले मास्तर येणार. नंदाबाई, सुटलात तुम्ही!"

"हो ना, सुटले बाई एकदाची," मी म्हटलं.

वर्ग बघत होता म्हणून म्हटलं. ही वाडीवरची पोरं शिकणार, यापरतं मला काय हवं होतं? त्यासाठीच तर केलं. नवे मास्तर माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील, त्यांना कॅरम लागणार नाही. पेढा गोड लागला. घरी येऊन मात्र पदर तोंडात धरून रडले. शिवणाच्या तासाला आता परत काज-बटणं. काज-बटणं वाईट नाहीत. पण पदरात घातलेलं कुणी काढून न्यावं तसं झालं मला.

११ मार्च, रविवार

लोणावळ्याला गेले होते, येताना नववीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. मला ते शिकवायचं नाही. तरी आणलं.

त्यात लिहिलंय, टेबलावरून एक वस्तू नुसती खाली सोडा आणि त्याच क्षणी तशीच दुसरी आडवी लांब उडवा. दोन्ही जमिनीला एकदमच लागतात. मी वाचून पुस्तक मिटलं. हे कसं होईल? लांब जाणारीला वाट किती पडते! एक पायाशी पडणार, एक पार दाराशी.

कोटाची दोन जड बटणं काढली. मशीनच्या फळीच्या कडेवर एक ठेवलं, दुसरं कडेबाहेर निघालेल्या पट्टीच्या टोकावर, आणि पट्टीने असं मारायचं बसवलं की पट्टीवरचं टपकन खाली पडेल आणि कडेवरचं उडेल. मारलं. एक पायाशी पडलं, एक उंबऱ्याशी. आवाज एकच.

परत मारलं. जोरात मारलं, हळू मारलं. दुसरं कुठेही जाऊन पडो, खालची ओढ दोघांना अगदी सारखीच. लांब जाणाऱ्याला ती सवलत देत नाही आणि जवळच्याला जास्त ओढत नाही. माझ्या ह्या दहा फुटी खोलीत, शेणाने सारवलेल्या जमिनीच्या ह्या दीड हात जागेत, हे रोज होत होतं म्हणायचं! मला घाबरल्यासारखं झालं आणि फार बरं वाटलं.

भिंतीपलीकडून पुतळाबाई ओरडल्या, "बाई, काय पडतंय वो सारखं?"

"बटणं!"

"किती येळा पडत्यात?" म्हणत त्या दारात आल्याच, हात पिठाने भरलेले.

म्हटलं, "या अशा. खाली बसा आणि डोळे मिटा. नुसतं ऐकायचं."

मिटले बिचारीने. मी पट्टी मारली.

"किती पडली?"

"येक."

"डोळे उघडा."

त्यांनी पायाशी पाहिलं, मग उंबऱ्याशी पाहिलं. पिठाचा हात तसाच तोंडावर गेला. मग पदर सावरून नीट मांडी घालून बसल्या आणि परत डोळे मिटले.

"पुन्यांदा टाका, बाई."